चढाईपटूचा गुडघा : 'कट्' आवाज झाला की खेळ थांबवा

दिवाळी झाली, धान निघाले, की आपल्या भागात मंडईचा हंगाम सुरू होतो. कुठे नाटक, कुठे दंडार, कुठे शंकरपट आणि जागोजागी कबड्डीचे खुले सामने. मातीचे मैदान आखले जाते, दिवे लागतात आणि थंडीत शाली पांघरून गावकरी रात्री उशिरापर्यंत बसून राहतात. या दिवसांत डॉक्टरांकडे येणाऱ्या तरुणांत सुजलेला गुडघा घेऊन येणारे हमखास असतात. या आठवड्यात त्या गुडघ्याविषयी बोलू.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावातला मुलगा. वय वीस. महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या संघातला मुख्य चढाईपटू. पहाटे रस्त्यावर धावतो, कारण पोलीस भरतीत १६०० मीटरची दौड आहे. शासकीय नोकरीत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, तेही त्याच्या मनात आहे. थोडक्यात, त्याचे आणि घरच्यांचे पुष्कळसे भवितव्य त्याच्या दोन पायांवर उभे आहे.

सामना सुरू आहे. त्याने बोनस रेषा ओलांडली, कोपऱ्यातील रक्षक पायावर झेपावला. याने एक पाय घट्ट रोवून अंग गर्रकन वळवले. पाऊल जमिनीत रुतून राहिले, मांडी वळली आणि मध्ये सापडला गुडघा. आत 'कट्' असा आवाज झाला आणि मुलगा खाली बसला. दहा मिनिटांनी कळ कमी झाली. मित्रांनी फवारा मारला, कुणीतरी गोळी दिली, पट्टी आवळली. फायनल होती. तो पुन्हा उतरला.

रात्री गुडघा नारळाएवढा सुजला. सकाळी गरम तेल लावून चोळून घेतला. तीन आठवड्यांत सूज गेली, सरळ रस्त्यावर धावताही येऊ लागले. 'लचक होती, गेली,' असे सर्वांनी म्हटले. पुढच्या गावच्या सामन्यात पहिल्याच चढाईत वळताना गुडघा आतून निसटला. या वेळी तो सरळच होईना. तपासणीत दिसले की पहिल्या दिवशी एक अस्थिबंध तुटला होता आणि आता गुडघ्यातील गादीही फाटली आहे.

हा मुलगा कुणी एक नव्हे. असे पुष्कळ आहेत. पहिली दुखापत बहुतेक वेळा अपघाताने होते, तिला कुणी दोषी नसतो. दुसरी मात्र पुष्कळदा आपण घाईने ओढवून घेतो आणि तीच खेळाडूची कारकीर्द संपवते.

गुडघ्यात असते तरी काय?

मांडीचे हाड वर आणि नडगीचे हाड खाली, यांच्यामध्ये गुडघ्याचा सांधा आहे. ही हाडे एकमेकांत खोबणीसारखी घट्ट बसलेली नसतात. त्यांना जागेवर धरून ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट. बैलगाडीचे जू दोरांनी आवळलेले असते, तसेच हे. गुडघ्याच्या दोन बाजूंना दोन बंध असतात आणि आत मधोमध दोन बंध एकमेकांवर फुलीसारखे आडवे गेलेले असतात. त्यातील पुढच्या बंधाला डॉक्टर ए.सी.एल. म्हणतात. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि पाय वळताना सांधा सांभाळणे हे त्याचे मुख्य काम.

हाडांच्या मध्ये अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या शरीराचा भार वाटून घेतात आणि धक्का शोषतात.

सरळ चालताना किंवा धावताना ए.सी.एल.वर फार ताण येत नाही. एकदम थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे, या वेळी तो ताण फार वाढतो. चढाईपटूचा सारा खेळ या तीन गोष्टींवरच चालतो. तीस सेकंदांच्या चढाईत तो कितीदा थांबतो आणि कितीदा वळतो, हे मोजून पाहा. त्यात कुणी घोटा किंवा मांडी धरून ठेवली तर वरचे अंग पुढे जाते आणि पाय मागे राहतो. मात्र एक लक्षात ठेवावे. पुष्कळदा हा बंध तुटतो तेव्हा कुणाचा स्पर्शही झालेला नसतो. त्यामुळे 'मला तर कुणी धरलेच नव्हते' म्हणून दुखापत किरकोळ ठरत नाही.

एका परदेशी खेळाडूची गोष्ट

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ चालतो त्यात लांबट चेंडू हातात घेऊन धावतात. त्यात 'रनिंग बॅक' नावाची एक जागा असते. चेंडू घ्यायचा आणि समोरच्या धिप्पाड खेळाडूंच्या भिंतीतून वाट काढत, चुकवत, वळत पुढे जायचे, हे त्याचे काम. आपला चढाईपटू आणि हा रनिंग बॅक जवळचे भाऊच म्हणायला हवेत. तेथे या खेळाचे मोठे पीठ म्हणजे महाविद्यालये. तेथून नाव झाले की व्यावसायिक संघ बोलावतात.

मार्कस लॅटिमोर हा साऊथ कॅरोलायना विद्यापीठाचा असाच एक खेळाडू. २०१० साली पहिल्याच वर्षी त्याने धावून ११९७ यार्ड कमावले आणि देशभर नाव झाले. दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबर २०११ मध्ये, त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली, महिनोन्‌महिने व्यायाम झाला आणि २०१२ च्या हंगामात तो परतला. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी टेनेसी संघाविरुद्ध खेळताना त्याचा उजवा गुडघा निखळला. एक नव्हे, अनेक बंध तुटले. दोन दिवसांनी तो एकवीस वर्षांचा होणार होता.

तरीही २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. उत्तम शल्यचिकित्सक, उत्तम व्यायामतज्ज्ञ, पैसा, वेळ, सर्व काही हाताशी होते. पण गुडघ्याने पूर्वीसारखी साथ दिली नाही. व्यावसायिक स्पर्धेत एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने निवृत्ती पत्करली. वय अवघे तेवीस. पुढे २०१८ मध्ये खेळाडूंच्या विकासाचे काम पाहण्यासाठी तो आपल्याच विद्यापीठात परतला.

या मुलाने उपचारात हयगय केली नव्हती. त्याची दुसरी दुखापत अंगावर आलेल्या धडकेने झाली. ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, जेथे सर्व सोयी आहेत तेथेही दोनदा मोडलेला खेळाडू उभा करणे इतके कठीण आहे. मग जेथे तेल चोळून तीन आठवड्यांत मैदानात उतरतात, तेथे काय होणार?

आपल्याकडेही आता खेळातून पुढे जाण्याची वाट उघडली आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याच्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये चढाईपटू म्हणून गाजला आणि २०१९ च्या लिलावात त्याला एक कोटी पंचेचाळीस लाखांची बोली लागली. खेड्यातील मुलाने हे स्वप्न जरूर पाहावे. पण ज्या गुडघ्यावर हे सारे उभे आहे, त्याची राखण आधी शिकावी.

दुखापत कशी ओळखावी?

पुढील खुणा दिसल्या तर तो साधा लचका समजू नये.

१. दुखापतीच्या क्षणी आत 'कट्' असा आवाज होणे किंवा काहीतरी तुटल्याची जाणीव होणे.
२. काही तासांतच मोठी सूज येणे. इतक्या लवकर आलेली सूज बहुधा सांध्यात रक्त साठल्याची असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी.
३. पायावर भार देताना किंवा वळताना गुडघा निसटतो आहे असे वाटणे.
४. गुडघा पूर्ण सरळ किंवा पूर्ण वाकता न होणे, मध्येच अडकणे.

आणखी एक खूण आहे, ती सर्वांत गंभीर. गुडघ्याचा आकारच बदलला असेल, पाऊल थंड, पांढरे किंवा बधिर पडत असेल, तर गुडघा निखळून मागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. अशा वेळी काही तासांचाच अवधी असतो. उशीर झाला तर पाय गमवावा लागतो. तेथल्या तेथे ओढाताण न करता पाय आहे त्या स्थितीत लाकडी पट्टीने बांधावा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे?

खेळ तत्काळ थांबवावा. 'फक्त एक चढाई' हा मोह नको. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा ते वीस मिनिटे लावावा आणि दिवसातून चार-पाच वेळा हेच करावे. बर्फ उघड्या कातडीवर ठेवू नये. लवचिक पट्टी बांधावी, पण बोटे निळी पडतील इतकी आवळू नये. झोपताना पायाखाली उशी घेऊन तो छातीपेक्षा उंच ठेवावा. चालताना कुबडीचा किंवा काठीचा आधार घ्यावा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत शेक देणे, तेल चोळणे, ओढून 'हाड बसवणे' टाळावे. त्याने आतला रक्तस्राव वाढतो. हाड बसवणाऱ्याकडे जाणारे पुष्कळ लोक आहेत आणि आपुलकीने जातात, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु येथे हाड सरकलेलेच नसते. तुटलेला असतो आतला बंध, आणि तो चोळून जुळत नाही.

वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पुन्हा खेळणे ही सर्वांत मोठी चूक. दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. त्याला झोपवून मैदानात उतरू नये.

नंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा नागपूरच्या मेडिकलमध्ये अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. एक्स-रे साफ आला म्हणजे सर्व ठीक आहे असे नव्हे. एक्स-रेत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाही. अनुभवी डॉक्टर हाताने नडगी पुढे ओढून पाहतात, त्यावरून पुष्कळ कळते. गरज वाटल्यास एम.आर.आय. करतात. सूज फार असेल तर पहिली तपासणी नीट होत नाही. म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा बोलावले असेल तर जरूर जावे.

शस्त्रक्रिया करावीच लागते का?

नाही, प्रत्येकाला नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार दिले आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखी होती. दुसऱ्या गटातील ५९ जणांपैकी २३ जणांनाच शस्त्रक्रिया करावी लागली.

याचा अर्थ असा की, शेती, दुकान, नोकरी करणाऱ्याचा गुडघा व्यायामाने स्थिर झाला तर घाई नको. पण ज्याला पुन्हा कबड्डीसारखा वळणावळणाचा खेळ खेळायचा आहे, किंवा ज्याचा गुडघा रोजच्या कामातही निसटतो, त्याला बहुधा शस्त्रक्रिया सुचवली जाते. ती दुर्बिणीतून होते. रुग्णाच्याच मांडीमागील किंवा वाटीखालील दोरीसारखा स्नायूबंध घेऊन नवा अस्थिबंध बसवतात. खर्चाबाबत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधी विचारावे.

गुडघा निसटत असूनही तसाच रेटत राहिल्यास प्रत्येक वेळी गादी आणि कूर्चा थोडी थोडी झिजते. अशी दुखापत झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांत पुढील दहा ते वीस वर्षांत संधिवाताची चिन्हे एक्स-रेत दिसतात. म्हणजे विसाव्या वर्षी खेळताना मोडलेला गुडघा पस्तिसाव्या वर्षी रोवणीच्या चिखलात आणि धुऱ्यावरून चालताना त्रास देतो.

नऊ महिन्यांचा हिशेब

शस्त्रक्रियेनंतर टाके निघाले, चालता आले, की मुलगा म्हणतो, 'आता मी बरा झालो.' येथेच घात होतो. नवा बसवलेला बंध शरीरात रुजायला वेळ लागतो. सुरुवातीच्या काही महिन्यांत तर तो आधीपेक्षा कमजोर होतो आणि मग हळूहळू बळकट होतो. धान रोवल्याबरोबर कुणी लोंबी मोजत नाही, तसेच हे.

नॉर्वे आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत, खेळात परतणे जितके महिने लांबवले, त्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात असे आढळले की, पंचवीस वर्षांखालील जे खेळाडू मैदानात परततात, त्यांच्यापैकी सुमारे चारातील एकाला पुन्हा अशी दुखापत होते. कधी त्याच गुडघ्याला, तर कधी दुसऱ्या चांगल्या गुडघ्याला.

म्हणून नऊ महिने ही किमान मर्यादा समजावी. त्यातही केवळ दिनदर्शिका पाहून उतरू नये. खेळाडूने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. सूज पूर्ण गेली का? गुडघा दुसऱ्यासारखा पूर्ण वाकतो आणि सरळ होतो का? दुखावलेल्या पायाचे बळ चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के आहे का? एका पायावर लांब उडी मारली तर दोन्ही पायांचे अंतर जवळपास सारखे येते का? एकाचेही उत्तर 'नाही' असेल तर थांबावे. या चाचण्या फिजिओथेरपिस्टकडून करून घेतल्यास उत्तम.

या काळातला व्यायाम साधा आहे, पण रोजचा आहे. आरंभी पाय सरळ ठेवून मांडीचा पुढचा स्नायू आवळणे, पाय सरळ वर उचलणे, टाच सरकवत गुडघा वाकवणे. पुढे अर्ध्या बैठका, पायरी चढ-उतार, एका पायावर तोल सांभाळणे. त्यानंतर सरळ धावणे, मग नागमोडी धावणे आणि सर्वांत शेवटी चढाई. कोणती पायरी केव्हा, हे तज्ज्ञांनी ठरवावे.

दुखापत होऊच नये म्हणून

योग्य व्यायामाने ही दुखापत बऱ्याच प्रमाणात टळते. अनेक अभ्यासांत असे प्रमाण जवळजवळ निम्म्याने कमी झालेले दिसले आहे. सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून निदान दोन-तीनदा हे करावे : हळू धावणे, बैठका, मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम, एका पायावर तोल आणि उडी मारून मऊ उतरणे. उतरताना गुडघे थोडे वाकलेले असावेत आणि ते पावलाच्या बोटांच्या रेषेत राहावेत, आत एकमेकांकडे वळू नयेत. जोडीदाराने समोर उभे राहून हे पाहावे. वळतानाही एका मोठ्या झटक्याऐवजी दोन-तीन लहान पावले टाकण्याची सवय लावावी.

मुलींच्या संघांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण सारख्याच खेळात मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा अधिक होते.

आयोजकांनीही मैदानातील खड्डे, ढेकळे, दगड काढावेत, माती भुसभुशीत आणि सपाट करावी, आणि बर्फाचा एक डबा व एक वाहन तयार ठेवावे. एका रात्रीत एका संघाला चार-चार सामने खेळायला लावू नयेत. थकलेला स्नायू गुडघा सांभाळू शकत नाही.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

गुडघ्याची टोपी घालून खेळले तर चालेल का? टोपीने ऊब आणि धीर मिळतो. तुटलेल्या बंधाचे काम ती करीत नाही.

सरळ धावता येते, मग भरतीची तयारी चालू ठेवू का? सरळ धावता येणे म्हणजे बंध शाबूत असणे नव्हे. आधी तपासणी, मग दौड. एका भरतीची संधी गेली तर पुढची येते.

शस्त्रक्रियेनंतर पूर्वीसारखे खेळता येईल का? जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर शंभरातील सुमारे ऐंशी जण कोणत्या ना कोणत्या खेळात परततात, पण स्पर्धेच्या पातळीवर परतणारे सुमारे पंचावन्न. म्हणून आशा जरूर ठेवावी आणि अभ्यासही सोडू नये.

शेवटी एक विनंती पालकांना आणि संघाच्या कप्तानांना. मैदानात पडलेला मुलगा स्वतः कधीच 'मी बसतो' म्हणणार नाही. गाव पाहत असते, मित्र ओरडत असतात, त्याला लाज वाटते. त्याला बाहेर बसवणे हे आपले काम आहे. एक फायनल हरली तर गाव आठ दिवसांत विसरते. गुडघा गेला तर तो मुलगा जन्मभर विसरत नाही.